उन्हाळ्यातली गोष्ट कुठवर आली?

पाडव्याच्या आठवड्यात याच कार्यक्रमात आम्ही सांगितलं होतं, की आमच्या ग्रामसंघातल्या पाच जणी या उन्हाळ्यात एकेक गोष्ट लिहिणार आणि मृग लागायच्या आत ती पुरी करणार. तेव्हापासून बाजारात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात जी भेटेल ती विचारते, "काय गं, गोष्ट कुठवर आली?" काही जणींचा प्रश्न वेगळा असतो. त्या म्हणतात, "आम्हालापण लिहावंसं वाटतं, पण वही उघडली की काही सुचत नाही. आधी काय वाचावं ते तरी सांगा." आज दोन्ही प्रश्नांवर बोलू.

आधी हिशेब. पाचांपैकी दोन गोष्टी पुऱ्या झाल्या. एक अर्ध्यावर आहे. एकीच्या घरात दोन लग्नं निघाली, तिची वही कोरीच राहिली, आणि त्यावरून तिला कुणी बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त गाजली. ती शेवटच्या दोन पानांवर येऊन अडली आणि तिच्यावरून आमच्या बैठकीत असं भांडण झालं, की त्या दिवशी बचतीचे पैसे मोजायचे राहून गेले. तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

उन्हाळाच का, असं काही जणींना वाटेल. उन्हाळ्यात बाईला वेळ असतो हे कुणी ठरवलं? शेतात काम कमी असतं हे खरं, पण त्याच दिवसांत कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाची चटणी, लोणचं, माहेरी आलेल्या नणंदा, सुट्टीतली पोरं आणि टँकर आला की सगळं टाकून धावणं. तरीही उन्हाळ्यात एक गोष्ट मिळते. दुपारी बारा ते चार या वेळात ऊन इतकं असतं, की कुणी कुणाला बाहेर बोलवत नाही. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकांची रीत आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळीचा खास अंक काढला, तेव्हापासून मराठीत दिवाळी आणि गोष्ट यांची जोडी जमली ती आजतागायत. दिवाळीत छापायची गोष्ट पावसाळ्यात संपादकाच्या हातात हवी, म्हणजे ती उन्हाळ्यात लिहून व्हायला हवी. किती तरी मराठी लेखकांचा उन्हाळा असाच जातो. आपला गेला तर काय बिघडलं?

आता वेळेचं. आमच्यातल्या ज्या दोघींच्या गोष्टी पुऱ्या झाल्या, त्या दोघी आपापल्या गटाच्या सचिव आहेत. म्हणजे दर बैठकीचं इतिवृत्त लिहायची त्यांच्या हाताला सवय आहे. कोण आलं, कोण नाही, कुणी किती कर्ज मागितलं, कशासाठी, आणि शेवटी काय ठरलं. नीट पाहिलं तर गोष्टीत दुसरं काय असतं? माणूस असतो, त्याला काहीतरी हवं असतं, ते मिळायला काहीतरी आड येतं आणि मग काहीतरी ठरतं. फरक इतकाच, की इतिवृत्तात "सौ. अमुक यांनी शिलाई मशीनसाठी कर्ज मागितले" एवढंच लिहितात, आणि मागताना तिने पदराचं टोक किती वेळा पिळलं ते लिहीत नाहीत. गोष्टीत ते लिहायचं.

दोघींनीही रोज एकच पान लिहिलं. जास्त नाही. एकीने तर ठरवलं होतं, की सुचलं तरी पानाच्या खाली जायचं नाही, उद्याला ठेवायचं. बचत कशी, दर आठवड्याला ठरलेलीच भरतो. एखाद्या आठवड्यात पाचशे भरून पुढचे तीन महिने तोंड दाखवलं नाही, तर त्याला गट म्हणत नाहीत. लिहिण्याचंही तसंच निघालं. आणि पहिलं लिहून झालं की लगेच सुधारायला बसू नका. कुरडईचा गहू आपण तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो आणि मगच चीक काढतो. लिहिलेलं आठ-दहा दिवस ट्रंकेत पडू द्या. नंतर काढून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलंय.

ज्यांना वाटतं, घरात लिहायला बसलं तर लोक काय म्हणतील, त्यांना आम्ही एक नाव सांगतो. बेबीताई कांबळे. आपल्या जवळच, फलटणला राहायच्या. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या आधी वाचायच्या, मग त्यात माल बांधायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं, की वहीत आपल्या जन्माची कहाणी लिहायच्या. घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनी वह्या लपवून ठेवल्या, आणि तशा त्या सुमारे वीस वर्षं लपलेल्याच राहिल्या. पुढे त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आधी 'स्त्री' मासिकातून ते क्रमाक्रमाने छापून आलं. ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण त्यात वीरगावच्या महारवाड्यातलं रोजचं जिणं, भूक, सण, सुनांचे हाल आणि बाबासाहेबांमुळे आलेली जाग असं उभं राहतं, की गोष्टी लिहिणारीने आधी हे वाचावं. बेबीताई आपल्याच घरात, आपल्याच वस्तीत बाईवर जे झालं तेही झाकत नाहीत. आमच्या बैठकीत हे वाचताना दोन जणींनी मध्येच "थांब गं जरा" म्हणून पाणी घेतलं होतं.

आता त्या अडलेल्या गोष्टीकडे येतो.

आमच्यातल्या एक वहिनी, नाव मुद्दामच सांगत नाही, त्यांनी गोष्ट लिहायला घेतली हक्कसोडपत्राची. तुम्हाला सांगायला नको. वडील गेले, की तेराव्याच्या आसपास भाऊ म्हणतात, "ताई, एकदा तालुक्याला येऊन सही करून जा." गाडी घरापर्यंत येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा होतो, फोटो होतो, येताना हॉटेलात जेवण आणि हातात एक साडी. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच झाला. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं, की तो हिस्सा गेला. नंतर ते फिरवायचं म्हणजे कोर्टाची पायरी. हे सगळं आपण गटाच्या प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. ऐकूनही सही करणाऱ्या आपल्यातच आहेत.

वहिनींच्या गोष्टीतली बहीण सही करायला निघते, इथवर गोष्ट सुरेख झाली. गाडीत पुढच्या सीटवर तिला बसवलंय, आयुष्यात पहिल्यांदाच. भाऊ दोनदा विचारतो, ऊन लागतंय का. तिला वाटतं, एवढ्या मायेने हा आधी कधी बोलला होता? एवढ्यावरच ऐकणाऱ्या सगळ्या गप्प झाल्या. मग एक आक्का म्हणाल्या, "ही तर अमक्याची लेक." आणि खरंच होतं. गावात एक जण तशीच होती, आणि तिला सगळे ओळखतात.

इथे पहिला पेच आला. खऱ्या माणसावरून गोष्ट लिहायची तर किती बदलायचं? नाव बदललं म्हणजे झालं, असं बऱ्याच जणींना वाटतं. गावात नाव बदलून काही होत नाही. घराच्या पुढचा पिंपळ, नवऱ्याचा दमा, दोन मुली आणि एक मुलगा, एवढं राहिलं तरी लोक बोट दाखवतात. रेडिओवर गोष्ट लागली, की संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या दारात विचारणा. म्हणून आम्ही असं ठरवलं, की माणसाचा धंदा बदलायचा, गाव बदलायचं, घरातल्या माणसांची संख्या बदलायची आणि शक्य असेल तर दोन-तीन बायकांचं मिळून एकच माणूस करायचं. मनातली गोष्ट तेवढी खरी ठेवायची. आणि तरीही ओळख पटेल असं वाटलं, तर त्या बाईलाच आधी वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली तर नको.

वहिनी गेल्या वाचून दाखवायला. ती बाई भाकरी थापत होती, थापता थापता तिने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "गाव बदल, माझी पोरं काढून टाक, साडीचा रंग मात्र तोच राहू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुझ्या गोष्टीत तिला सही करायला लावू नगं."

आणि आमचं भांडण तिथूनच सुरू झालं. निम्म्या जणी म्हणाल्या, बरोबर आहे. गोष्ट आपल्या हातात आहे, निदान गोष्टीत तरी तिने पेन खाली ठेवावं. ऐकणाऱ्या एखादीला बळ येईल. बाकीच्या म्हणाल्या, असं लिहिलं तर ते खोटं. ती सही का करते, हेच तर सांगायचंय. सही केली नाही तर भाऊबीज बंद, माहेरची वाट बंद, आणि उद्या नवऱ्याने घराबाहेर काढलं तर जाणार कुठे? हिस्सा मागणाऱ्या बहिणीला गाव काय म्हणतं ते आपण ऐकलेलं नाही का? आमच्यातल्या एका मावशींनी स्वतः हिस्सा घेतलेला आहे. त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन्हीत रडू येतं. फकस्त एकात जमीन असते." हे वाक्य वहिनींनी तिथल्या तिथे वहीत उतरून घेतलं, मावशींना विचारून.

आमचं मत विचाराल तर सांगतो. गोष्ट म्हणजे प्रशिक्षण नव्हे. "हिस्सा सोडू नका" हे सांगायला आपल्याकडे दुसरे कार्यक्रम आहेत, वकीलताई येतात, कायदा समजावतात. गोष्टीचं काम वेगळं. सही करतानाचा हात वाचणारीला आतून दिसला पाहिजे. मग ती सही करो की न करो. पण हे म्हणणं सोपं आहे, कारण ती दोन पानं लिहायची आहेत वहिनींना.

खऱ्यावरून लिहिताना स्वतःला लपवावं लागतं, हेही काही नवं नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला, विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात उघड लिहिलेलं होतं. मोठा गदारोळ झाला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर, शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्या. त्यांच्या गोष्टी शहरातल्या आहेत, भाषा जुन्या वळणाची आहे, आपल्याला सुरुवातीला परकी वाटते. पण आमच्या केंद्रावर आजही निम्म्या चिठ्ठ्या "नाव सांगू नका" म्हणून येतात, तेव्हा हे पुस्तक काही तितकंसं जुनं झालेलं नाही.

आता वाचायचं काय, याचं. या उन्हाळ्यात आम्ही बैठकीनंतर अर्धा-पाऊण तास एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी शेंगा फोडत, गोधडी शिवत ऐकायचं असं केलं. त्यामुळे जिला अक्षर येत नाही तीही मागे राहिली नाही. त्यातली जी पुस्तकं उतरली ती सांगतो.

पहिलं नाव व्यंकटेश माडगूळकरांचं. आपल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. 'माणदेशी माणसं' छोट्या छोट्या व्यक्तिचित्रांचं पुस्तक आहे, एका बैठकीत एक माणूस पुरा होतो. माणूस दोन-चार पानांत कसा उभा करायचा, हे शिकायला याहून चांगलं काही नाही. 'बनगरवाडी' ही त्यांची १९५५ सालची कादंबरी. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि शेवटी दुष्काळ सगळी वाडी उठवतो. शेवटचं प्रकरण वाचताना बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि वाचणारीसकट सगळ्या उठून पळाल्या. वाचन पुढच्या बुधवारी पूर्ण झालं.

हसायचं असेल तर शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. या दोघांनी माडगूळकरांच्या जोडीने गावोगाव कथाकथन केलं, आणि गोष्ट ही ऐकायचीही असते हे मराठी माणसाला पुन्हा पटवलं. मोठ्याने वाचायला त्यांच्या गोष्टी फार सोयीच्या, संवाद तोंडात आपोआप बसतात. पण आमच्यातल्या एकीने विचारलं, "ह्या गोष्टीतल्या बायका फक्त चहा आणून देतात का?" सगळ्याच गोष्टींत तसं नाही, तरी तिचा प्रश्न आम्हाला खोडता आला नाही.

म्हणून मग उर्मिला पवार. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांची 'कवच' नावाची कथा आहे. आंबे विकणारी आई, बाजारातल्या पुरुषांची वाकडी बोलणी, आणि ते ऐकून आतल्या आत मरणारा तिचा मुलगा. बाजारात बसणाऱ्या प्रत्येकीने ही वाचावी. भाजी विकणाऱ्या आमच्या दोघी ती ऐकून इतकं हसल्या आणि मग इतक्या गप्प झाल्या, की पुढे काही वाचलंच नाही. त्यांचं 'आयदान' हे आत्मकथन २००३ सालचं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या, सुपं. आई आयदानं विणून पोरांना वाढवायची, आणि आपलं लिहिणं त्या विणण्यासारखंच आहे असं लेकीला वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पण आजही वाटतं, की ओट्यावर बसून कुणी आजी सांगतेय. वडिलांचं टोकाचं सोवळं, तापट नवरा, ताटातुटी, प्लेगचे दिवस, सगळं हसत हसत सांगतात, आणि हसू कुठे संपतं ते कळत नाही. नवऱ्यावर रागही आहे आणि जीवही आहे, दोन्ही एकाच वाक्यात. सासर लिहायला घेणाऱ्यांनी हे पुस्तक उशाशी ठेवावं.

आणि शेवटचं, कविता महाजनांची 'ब्र', २००५ सालची कादंबरी. एका संस्थेत काम करणारी बाई आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते, त्यांच्या हकिगती ऐकते आणि त्यात तिचं स्वतःचंही आयुष्य उलगडत जातं. 'ब्र काढायचा नाही' असं आपल्याला लहानपणापासून सांगतात, तोच हा 'ब्र'. पुस्तक जाड आहे. सलग नाही जमलं तर एकेका सरपंचबाईची हकिगत वेगळी काढून वाचा. आमच्या दोन माजी सदस्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या, म्हणाल्या, की सहीचा कोरा कागद समोर ठेवतात तो प्रसंग कुणी लिहिला असेल असं वाटलं नव्हतं.

पुस्तकं मिळवायची कुठून? विकत घ्यायला लागतातच असं नाही. आपल्या राज्यात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड असे वर्ग केलेली अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीला कुलूप दिसलं, तर किल्ली कुणाकडे ते विचारा आणि चार जणींनी मिळून सभासद व्हा. एकटी गेली तर "कशाला हवंय?" म्हणतात, चौघी गेल्या की रजिस्टर निघतं. साताऱ्याकडे जाणं झालं तर पाचगणीजवळचं भिलार बघून या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, हवं ते काढून तिथेच बसून वाचता येतं. आणि जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतात, त्यात चांगल्या गोष्टी निघतात.

एक सूचना. गटात बसून काहीही वाचा. पण या केंद्रावर येऊन दुसऱ्याची गोष्ट वाचायची असेल तर लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागते. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं लिखाण सगळ्यांचं होतं. म्हणून लक्ष्मीबाईंचं वाचायला अडचण नाही, उर्मिलाताईंचं वाचायचं तर विचारावं लागेल. तुमची स्वतःची गोष्ट असेल तर कुणाला विचारायचं नाही, फक्त जिच्यावरून लिहिली तिला विचारा.

पुऱ्या झालेल्या दोन गोष्टी पुढच्या दोन बुधवारी दुपारी लागतील, लिहिणाऱ्यांच्याच आवाजात. अर्धी राहिलेली आखाडात होईल असं ती म्हणते. आणि वहिनींनी काल निरोप पाठवलाय. शेवटाची दोन पानं त्यांनी दोन तऱ्हांनी लिहिली आहेत, एकात सही आहे, एकात नाही. दोन्ही घेऊन त्या आधी त्या बाईच्या घरी जाणार आहेत.